टिनाखालचा मे महिना

(कौंडण्यपूर येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत माझ्या विषयापुढे 'गृहनिर्माण' असं छापलंय. हा शब्द ऐकला की मुंबईतले टॉवर डोळ्यांपुढे येतात. मी बोलणार आहे ते पावणेतीनशे-तीनशे चौरस फुटांच्या घराबद्दल. अशा घरांत तुमच्यापैकी निम्मे जण वाढलेत. मी स्थापत्य अभियंता आहे, अमरावतीला राहतो आणि बराचसा वेळ लोकांच्या घरकुलांची जोती, भिंती नि छपरं बघत फिरण्यात जातो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

काल संध्याकाळी तुम्ही वर्धा नदीकाठच्या टेकाडावर फिरून आलात. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव सगळ्यांना माहीत आहे, इथून पंढरपूरला पालखी जाते. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथं उत्खनन केलं आणि एकावर एक वस्त्यांचे थर सापडले. म्हणजे माणसं दोन हजार वर्षांहून जास्त काळ या काठावर घरं बांधत आलीत. घर पडलं, माती झाली, त्याच मातीवर पुढच्यानं घर बांधलं. आपल्या आजोबांच्या तोंडी 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द असायचे. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. पेरायची माती वेगळी आणि राहायची माती वेगळी, हे त्यांना शाळेत न जाता कळत होतं.

आणि आपण काय करतो? काळ्या मातीच्या वावरात पाडलेला लेआउट घेतो. एनए झालेला नसतो, रस्ता नसतो, नाली नसते, पण हप्त्यानं मिळतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर दोन फुटांचा पाया टाकून घर उभं केलं की तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. मग माणूस म्हणतो, नशीब खराब. नशिबाचा काही संबंध नाही. पाया मुरुमापर्यंत नेला नाही, जोत्यात मुरूम भरला नाही, घराभोवती पाणी साचू दिलं, एवढंच.

आता छपराकडे येतो, कारण वऱ्हाडात घराचा खरा प्रश्न छपराचा आहे.

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. तो आकडा सावलीतला असतो. टिनाचं पत्र दुपारी दोन वाजता हात लावून बघा, म्हणजे कळेल. पत्रा पातळ असतो, ऊन अडवत नाही, तापतो आणि ती सगळी धग खाली सोडतो. सात फुटांवर टिन असेल तर खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जणू शेगडीच ठेवलेली असते. दुपारी पुरुष कामावर असतो किंवा पानठेल्यावर, मशिदीत पंख्याखाली. पोरं झाडाखाली. घरात कोण असतं? अम्मी असते, आजी असते, बाळंतीण असते, शिवणकाम करणारी बहीण असते. मी बायकांना विचारतो तेव्हा त्या सांगतात की बारा ते पाच हे तास जात नाहीत, ओढावे लागतात. घराचा नकाशा मात्र घरात दिवसाचा एक तासही न काढणारा माणूस ठरवतो.

बरं, स्लॅब टाकला म्हणजे सुटलं का? लोकांना वाटतं पक्कं घर म्हणजे स्लॅब. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री बारा-एकपर्यंत ते खाली ओकत बसतं. म्हणून स्लॅबच्या घरातली माणसं गच्चीवर झोपतात. मग कुलर आला. कुलर साधारण २०० वॅटचा धरा, बारा तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत २४० युनिट. हा एका खोलीचा हिशेब. जो माणूस घर बांधताना छपरावर चार पैसे जास्त घालायला तयार नव्हता, तो दर उन्हाळ्यात वीज कंपनीला ते देत राहतो, आणि लोडशेडिंग झालं की परत टिनाखाली किंवा गच्चीवर.

आजोबांचं घर थंड का होतं? दीड फुटाची मातीची भिंत. बाहेरची उष्णता ती ओलांडून आत येईपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. वर कवेलू. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पुढे ओसरी, म्हणजे भिंतीवर थेट ऊन नाही. गरिबाच्या घराला पऱ्हाटीचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा. मी जुन्याचे गोडवे गात नाहीये. मातीच्या घरात दरवर्षी लिंपण करावं लागायचं, आणि ते बायकांच्याच अंगावर असायचं. पावसात गळायचं, विंचू निघायचे. आणि कवेलू आपण का सोडले, तर वानरांमुळे! वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की निम्मे कवेलू खाली. फिरवायला माणूस मिळत नाही. टिन आलं ते काही मूर्खपणानं आलं नाही.

पण टिन आणि आजोबांचं घर यांच्या मध्येही बरंच काही आहे. इंग्लंडहून आलेले लॉरी बेकर हे वास्तुकार केरळात स्वस्त घरं बांधत राहिले. गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं की आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, असं ते नेहमी सांगायचे. त्यांच्या प्रेरणेनं १९८५ मध्ये त्रिशूरला 'कॉस्टफोर्ड' ही नफा न कमावणारी संस्था सुरू झाली. माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन तिचे अध्यक्ष होते. त्यांची एक युक्ती सांगतो. विटा आडव्या ठेवण्याऐवजी काठावर उभ्या लावायच्या. भिंत नऊ इंचांचीच होते, पण आत पोकळी राहते. विटा सुमारे पंचवीस टक्के वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. एकाच युक्तीत पैसा वाचला आणि गारवाही मिळाला. दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट भार फारसा उचलत नाही, ते काम सळई करते. मग तिथं दोन सळयांच्या मध्ये जुनी कौलं ठेवायची. सिमेंट वाचतं, लोखंड वाचतं, छप्पर हलकं होतं, कमी तापतं. जुने कवेलू घरामागे ढिगानं पडलेत ना? ते तिथं घाला. वानराला काही तिथं हात घालता येत नाही.

एवढं लांब कशाला, नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. तिथं दत्तपूरला 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' ही संस्था आहे. देवेंद्रकुमारांनी ती १९७०च्या दशकात उभी केली. कुंभाराच्या चाकावर केलेले निमुळते कौल एकात एक अडकवून कमानीचं छप्पर करायचं, लाकूड-लोखंडाशिवाय, अशी कामं त्यांनी करून दाखवली. सेवाग्रामची बापूकुटी मेच्या दुपारी जाऊन बघा. आणि तुकडोजी महाराजांचं मोझरी तर याच तिवसा तालुक्यात. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामनिर्माणाला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे या पट्ट्यात घराचा विचार झालाच नाही असं म्हणायची सोय नाही. झाला, आणि लोकांनी तो बाजूला ठेवला. का ठेवला, याचं उत्तर मला इजिप्तमध्ये सापडतं.

इजिप्तचे हसन फती. मातीच्या विटांची, घुमटांची सुंदर घरं बांधणारे वास्तुकार. १९४०च्या दशकात लक्झरजवळ त्यांनी 'नवं गुर्ना' गाव बांधायला घेतलं. जुन्या थडग्यांच्या डोंगरावर राहणाऱ्या लोकांना सरकारला तिथून हलवायचं होतं. घरं देखणी झाली, थंड झाली, जगभर गाजली. लोक मात्र राहायला गेले नाहीत. एक तर त्यांचा रोजगार जुन्या जागी होता. दुसरं म्हणजे, असं सांगतात की, घुमट त्यांना कबरीसारखे वाटत होते. उद्या तिवशात कुणाला मातीचं घुमटाचं घर बांधून दिलं तर आपल्याकडचे बुजुर्ग काय म्हणतील? "बेटा, दर्गा बांधतोयस की घर?" फती मोठा माणूस होता, यात शंका नाही. पण ज्याला राहायचं त्याला नकाशा काढताना विचारलं नाही, तर उत्तम घरसुद्धा रिकामं राहतं.

म्हणून मला मुंबईच्या भायखळ्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती तुम्हाला माहीत नसावी याचं वाईट वाटतं. १९८४ मध्ये 'स्पार्क' नावाची संस्था निघाली. तिचं पहिलं काम भायखळा-नागपाडा भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांमध्ये. त्यांत मुस्लिम बायका मोठ्या संख्येनं होत्या. १९८५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालय म्हणालं, पण रीतसर कारवाई करून फुटपाथवरच्या झोपड्या काढायला मोकळीकही दिली. सगळ्यांना वाटत होतं आता दंगा होणार. या बायकांनी आपली स्वतःची मोजणी करून घेतली. किती कुटुंबं, कुठून आली, काय काम करतात, किती वर्षं इथं आहेत. त्यातून 'महिला मिलन' उभं राहिलं.

मग त्यांनी घराचा विचार सुरू केला. हातात काही नव्हतं, ना जमीन, ना पैसा. तरी केला. खोली किती उंच, किती रुंद हे समजायला त्यांनी साड्या मोजपट्टीसारख्या वापरल्या. चर्चा करून ठरवलं की घर चौदा फूट उंच हवं, म्हणजे आत माळा निघतो, एका खोलीत दोन पिढ्या झोपू शकतात. पुठ्ठ्याची छोटी घरं केली, मग खऱ्या मापाचं घर उभं करून लोकांना नि अधिकाऱ्यांना बघायला बोलावलं. ज्यांना लोक 'अतिक्रमण' म्हणत होते, त्या नकाशा घेऊन समोर उभ्या राहिल्या. रोज थोडे थोडे पैसे एकत्र टाकायची बचत सुरू केली. रुपया असेल तर रुपया. झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम यांची संघटना त्यांच्या सोबत होती. त्यांना पुढे मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली, पण ते स्वतः सांगायचे की बचत बायकाच सांभाळतात.

याच मंडळींनी पुण्यात येरवड्याला २००९च्या सुमारास जे केलं ते आपल्या शहरांतल्या मोहल्ल्यांना थेट लागू होतं. केंद्राच्या योजनेत शहरी गरिबांसाठी घरं होती. नेहमीची रीत म्हणजे सगळं पाडा, सात मजली इमारत बांधा. इथं ठरलं की कच्ची घरं तेवढी पाडायची, पक्की राहू द्यायची, गल्ली तीच, शेजार तोच. प्रत्येक कुटुंबाला सुमारे २७० चौरस फुटांचं घर त्याच जागी. दहा टक्के पैसे कुटुंबाचे, बाकी सरकारचे. पुण्याचे वास्तुकार प्रसन्न देसाई आणि परदेशातून आलेले दोन तरुण वास्तुकार बायकांबरोबर बसून नमुने ठरवत होते. दुकान खाली हवं असेल तर तसा नमुना, वर मजला वाढवायचा असेल तर तसा. अमरावतीतल्या, अकोल्यातल्या, अचलपुरातल्या आपल्या गल्ल्या बघा. हेच तिथं होऊ शकतं.

सोलापूरचं उदाहरण मोठ्या संख्येचं आहे. विडी वळणाऱ्या बायका, पद्मशाली, मुस्लिम, दलित, सगळ्या एका युनियनच्या. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी गोदूताई परुळेकरांच्या नावानं सहकारी संस्था केली आणि शहराबाहेर कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. एका घराचा खर्च साठ हजार. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार त्या बाईचे. पुढे तिथंच तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. रचनेच्या अंगानं मला या वसाहती फार आवडतात असं नाही. एकसारख्या रांगा, झाडं नंतर लावलेली. पण दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान एका लाल बावट्याच्या संस्थेच्या कामाला आले, हे कशामुळे झालं? बायका हजारोंच्या संख्येनं एकत्र होत्या, आणि त्यांची ओळख कामावरून होती, जातधर्मावरून नव्हती.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण आपल्याकडे घराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, आपली वेगळी कॉलनी करू. मला त्यामागचं दुःख कळतं. मलाही भाड्याचं घर शोधताना फोनवर होकार आणि नाव सांगितल्यावर नकार मिळालेला आहे. घरमालकाचं नाव सांगत नाही, तो एकटा नाही. पण त्या नकारावर उपाय म्हणून आपणच आपल्याभोवती भिंत बांधली तर नाली, रस्ता, शाळा, बस सगळं भिंतीबाहेर राहतं. शहराच्या कडेला, काळ्या मातीत, टिनाखाली. काही गावांत हे होऊन बसलंय. संस्था काढायची तर तिच्या पहिल्या पन्नास घरांत गावातली सगळ्या समाजांची गरजू कुटुंबं असावीत असं माझं मत आहे. तुम्हाला पटणार नसेल तर जेवताना भांडू.

आता पैशाचं बोलू. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, शिवाय रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर. योजनेत ठेकेदार चालत नाही, घर कुटुंबानंच बांधायचं. ही अट चांगली आहे, पण एकट्या कुटुंबाला गवंडी, सामान, नकाशा, सगळं जमत नाही, आणि तिथं बिगरनफा संस्थेला जागा आहे. पन्नास घरांसाठी एकत्र विटा घ्या. पारसच्या किंवा नांदगावपेठच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटा एकगठ्ठा घेतल्या तर भाव वेगळा मिळतो. एका नमुन्याऐवजी चार नमुने ठेवा, निवड बाईला करू द्या. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नको, तिथं न्हाणी किंवा सामानाची खोली. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून, दक्षिणेला छोटा छज्जा पुरतो. समोरासमोर खिडक्या आणि वर जाळी. स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात, टिन असेल तर पांढरा ऊन परतवणारा रंग आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत. नुसत्या पांढऱ्या छपरानं आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका वस्त्यांमध्ये हे काम घरोघर करतात.

अडचण मध्येच येते. मंजुरीनंतरचा पहिला हप्ता सोडला तर सरकारचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावर येतो. जोतं बांधा, फोटो काढा, मग पैसे. जोतं पूर्ण करायला कमी पडणारे पैसे कुठून आणायचे? तिथं कुटुंब सावकाराकडे जातं, महिन्याला शेकडा तीन-पाच रुपयांनी. अर्धी सबसिडी व्याजात जाते आणि शेवटी स्लॅबऐवजी टिन पडतं. स्पार्कच्या मंडळींनाही हीच अडचण आली होती, म्हणून त्यांनी सरकारी पैसा येईपर्यंत वापरायला वेगळा निधी उभा केला. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, कर्ज़े-हसना. बिनव्याजी उसने, हप्ता आला की परत, तोच पैसा पुढच्या घराला. पाच लाखांचा फिरता निधी एका वर्षात किती जोत्यांना पुरेल, याचा हिशेब करा.

कुणी विचारेल, जकात चालेल का? हनफी आलिमांचं म्हणणं असं की जकात हकदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे. संस्थेच्या बांधकामात ती घालता येत नाही, पण गरजू कुटुंबाच्या हातात देता येते आणि ते आपल्या घराला वापरू शकतं. फिरत्या निधीसाठी मात्र सदका, देणगी आणि तुमच्या नोकरीतली बचत घ्या, म्हणजे शेजारच्या बौद्ध किंवा कुणबी कुटुंबालाही त्यातून उसने देता येईल. वक्फच्या जमिनीचंही दरवेळी निघतं. माझं मत आहे की तिथून सुरुवात करू नका. मालकी देता येत नाही, त्यामुळे घरकुल अडकतं, आणि कोर्टात पिढी जाते. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेच्या घरकर्ज कार्यक्रमाला १९८९ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. चार काँक्रीटचे खांब, पत्र्याचं छप्पर, एक संडास, इतकं साधं घर, पण अट अशी की जमीन त्या बाईच्या नावावर पाहिजे. बक्षीस वास्तुकलेचं होतं, आणि परीक्षकांनी सातबारा बघितला म्हणा ना!

शेवटी कामाचं. ग्रामीण घरकुलाबरोबर गवंडी प्रशिक्षण आहे, ४५ दिवसांचं, प्रमाणपत्रासह. तुमच्यातले जे बांधकामावर जातात त्यांनी ते करा. मुलींनीही करा. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन, खाटीक यांच्यापैकी ज्यांच्याकडे ओबीसीचे दाखले आहेत त्यांनी पंचायत समितीत ओबीसींच्या घरकुल योजनेची चौकशी करा. दाखला पेटीत ठेवायला काढलेला नाही. आणि गावात कुणाकडे नमुना आठ नाही, याची यादी करा. घराच्या कागदाशिवाय बाकी सगळं हवेत राहतं.

उद्या सकाळचं सत्र मी इथं घेणार नाही. सात वाजता पाच-पाच जणांचे गट करून गावात जायचं. प्रत्येक गटात दोन मुली हव्यात, नाहीतर घरात कुणी येऊ देणार नाही. टेप माझ्याकडे आहे, थर्मामीटर चार आहेत. घरमालकिणीला विचारून एक टिनाखाली, एक स्लॅबखाली, एक कवेलूच्या घरात आणि एक ओसरीवर लावायचा. सात, बारा, तीन आणि रात्री नऊ, अशा चार नोंदी. रात्री नऊची नोंद विसरू नका, स्लॅबचं बिंग तेव्हाच फुटतं.